बोटीवरची पंगत



आमच्या गटाच्या मागच्या मासिक बैठकीत एक वेगळाच कर्जाचा अर्ज आला. एरवी आपल्याकडं अर्ज येतात ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, नाहीतर शाळेच्या फीसाठी. हा होता मुलाला बोटीवर नोकरीला पाठवण्यासाठी. बोट म्हणजे मासेमारीची नव्हे, प्रवाशांना घेऊन महिना-महिना समुद्रात फिरणारी, पाच-सहा मजली हॉटेलच म्हणा ना. पोरानं हॉटेलचा कोर्स केलेला. सचिव ताईंनी सहज विचारलं, "तिथं काम काय करणार तो?" मावशी हळूच म्हणाल्या, "जेवण वाढायचं." मागून कुणीतरी बोललं, "म्हणजे वाढपी!" बायका हसल्या. मावशींनी पदर सारखा केला आणि अर्ज परत मागून घेतला.

मी त्या गटाची समन्वयक. त्या वेळी मला काही बोलायला सुचलं नाही. पण बी.ए.ला माझा इतिहास होता, आणि बोटीवरच्या जेवणाबद्दल वाचलेलं बरंच काही घरी येताना आठवत राहिलं. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी आपल्या पंगतीचं बघा. लग्नात पंगत बसते तेव्हा कोण आधी, कोण नंतर हे न सांगता ठरलेलं असतं. पाहुणे आधी, पुरुष आधी, वाढणारे शेवटी, आणि स्वयंपाक करणारी बाई सगळ्यांच्या मागं, तेही भाजी उरली तर. पूर्वी तर कोण कुणाच्या पंगतीला बसणार हे जातीवर ठरायचं. बोटीवरही पंगतच होती. तिचे नियम तेवढे वेगळे.

1869 साली सुएझचा कालवा सुरू झाला. त्याआधी शिडाच्या जहाजानं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून विलायत गाठायला महिने लागत. आपल्या साताऱ्याचे रंगो बापूजी त्या कालव्याच्या कितीतरी आधी गेले. 1839 मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, त्याची दाद मागायला ते लंडनला पोचले आणि 1853 पर्यंत तिथंच भांडत राहिले. कालवा झाल्यावर मात्र आगबोटीनं मुंबई ते लंडन हा प्रवास तीन-चार आठवड्यांवर आला. एडन, सुएझ, मग भूमध्य समुद्र. पी अँड ओ नावाची इंग्रज कंपनी या वाटेवर टपाल आणि प्रवासी नेत असे. साहेब, मडमा, संस्थानिक, बॅरिस्टर व्हायला निघालेली पोरं, सगळे त्याच बोटीत.

तिकिटाचे दर्जे असत. पहिल्या वर्गाचं जेवणघर वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. डेकवर फिरायची जागासुद्धा वेगळी. जेवणाची वेळ झाली की घंटा नाहीतर बिगूल वाजे. टेबलावर आपली जागा एकदा ठरली की ती प्रवास संपेपर्यंत तीच. कप्तानाच्या टेबलावर कुणाला बसवायचं, हा मोठाच मानपानाचा विषय. आपल्याकडं वरमाईला कुठं बसवायचं यावरून होतं तसंच. रात्रीच्या जेवणाला कपडे बदलून, नटून यायचं. फक्त पहिल्या आणि शेवटच्या रात्री ही सूट, कारण तेव्हा सामान बांधलेलं असतं. समुद्र खवळला की टेबलाच्या कडेला लाकडी पट्ट्या लावत आणि चादर ओली करत, म्हणजे ताटल्या घसरून मांडीवर येत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला एसटीत डबा उघडून बसणाऱ्या बायकांची आठवण झाली.

ताटलीच्या दोन्ही बाजूंना काटे, सुऱ्या, चमचे ओळीनं मांडलेले. बाहेरच्यापासून सुरुवात करून आत यायचं. जेवण झालं की काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे वाढणाऱ्याला न बोलता कळतं की ताटली उचलायची. वाढायचं डाव्या बाजूनं, उचलायचं उजव्या बाजूनं. आपल्यासारखा "घ्या हो अजून एक" असा आग्रह नाही. ज्याला हे माहीत नाही त्याची अवस्था काय होत असेल?

गांधीजींनी ती स्वतःच लिहून ठेवली आहे. 4 सप्टेंबर 1888 ला मुंबईहून निघाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. काटा-सुरी कशी धरायची ते माहीत नव्हतं, आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचं धाडस नव्हतं. म्हणून ते टेबलावर गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली. बँकेच्या मेळाव्याला हॉटेलात गेल्यावर आपल्यातल्या किती जणींनी "भूक नाही" म्हणून नुसता चहा घेतलाय, ते आठवा. मीही घेतलाय.

त्याच्या पाच वर्षं आधी, 1883 च्या एप्रिलमध्ये, दोन मराठी बायका वेगवेगळ्या बोटींतून निघाल्या होत्या. आनंदीबाई जोशी 7 एप्रिलला कलकत्त्याहून. वय अठरा. नवरा सोबत नाही, माहेरचं-सासरचं कुणी नाही. सोबत होती ती मिशनरी बायकांची. निघण्याआधी श्रीरामपूरला त्यांनी भरसभेत भाषण केलं. हे श्रीरामपूर बंगालमधलं बरं का, नगर जिल्ह्यातलं नव्हे. मी डॉक्टर व्हायला जाते आहे, आणि माझा धर्म, माझा पोशाख, माझं खाणं सोडणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. जवळजवळ दोन महिन्यांनी, 4 जूनला, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या, कडेवर लहानगी मनोरमा. तिकिटाचे पैसे त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे आपलं पुस्तक विकून उभे केले होते. कर्ज नाही, देणगी नाही. आपल्या गटातल्या बायकांना हे फार आवडेल म्हणून मुद्दाम सांगितलं. त्याही पक्क्या शाकाहारी.

या दोघींना नुसत्या काट्या-चमच्याची अडचण नव्हती. समुद्र ओलांडला की माणूस बाटला, असं तेव्हा मानत. त्यामागं पाण्याइतकीच पंगतीची भीती होती. बोटीवर कुणी शिजवलं, कुणी वाढलं, शेजारी कोण बसलं, याचा हिशोब कोण ठेवणार? 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथं चहा-बिस्किटं पुढं आली. त्यात रानडे होते, टिळक होते. तेवढ्यावरून ग्रामण्य झालं, प्रायश्चित्ताच्या गोष्टी निघाल्या. पुण्यातल्या पुण्यात एका कपाचं हे, मग समुद्रावर महिनाभर जेवणारीचं काय! आनंदीबाई डॉक्टर होऊन 1886 मध्ये परत आल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूकही झाली होती, पण क्षयानं गाठलं आणि फेब्रुवारी 1887 मध्ये त्या गेल्या.

आणि ज्यांना इथल्या पंगतीत जागाच नव्हती त्यांचं काय? बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकले. 7 नोव्हेंबर 1900 ला तिथं त्यांचं नाव दाखल झालं. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडला तरच पाणी. 1913 मध्ये ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बोटीनं अमेरिकेला गेले. बोटीवर भेदभाव नव्हता असं नाही. हिंदी माणूस शेजारी नको म्हणणारे गोरे पुष्कळ होते. पण टेबल ठरायचं तिकिटावर, जातीवर नाही. साताऱ्यात तेवढंही नव्हतं.

आता ज्यांच्यामुळं मी हे बोलायला घेतलं त्यांच्याकडं येते. वाढणारे.

मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओच्या बोटींवर जेवणघरात वाढणारे, केबिन झाडणारे, स्वयंपाकघरात राबणारे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती. दोन प्रवासांच्या मधल्या काळात ते मुंबईत धोबीतलावाकडं 'कूड' म्हणून गावागावाच्या खोल्या असत तिथं राहात. एकेका गावाची कूड, वर्गणी काढून चालवलेली. आपल्या गटासारखंच थोडंफार. डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे, गुजरातच्या किनाऱ्याचे. त्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. खलाशांचं जेवण करणारा तो भंडारी, आणि साफसफाईला टोपास. वर पहिल्या वर्गात छापील यादीतून सात-आठ पदार्थ, खाली खलाशांना भात, डाळ, थोडी मासळी. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. झोपायला जागाही कमी. प्रवासाच्या शेवटच्या दिवशी साहेब लोक बक्षिसी देत, तिचा मोठा आधार असे.

बायकाही होत्या. साहेबांची मुलं सांभाळत विलायतेपर्यंत जाणाऱ्या आया. मुलं बोट लागून ओकत, रात्रभर रडत, आणि आया त्यांना घेऊन डेकवर नाहीतर केबिनच्या जमिनीवर झोपत. तिकडं पोचल्यावर काही घरं त्यांना परतीचं तिकीट न देता सोडून देत. अशा आयांसाठी लंडनमध्ये वसतिगृह काढावं लागलं. 1900 पासून ते हॅकने भागात होतं, आणि 2022 मध्ये त्या घरावर स्मरणाची निळी पाटी लागली. आनंदीबाईंचं नाव आपल्याला ठाऊक आहे, ते असायलाच हवं. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा समुद्र ओलांडलेल्या या बायका होत्या, आणि त्यांच्या घरच्यांनीसुद्धा ते कुठं लिहून ठेवलं नाही.

आपल्या सातारा-सांगलीची माणसं बोटीत कमी आणि धक्क्यावर जास्त. पाटण, माण, खटावमधून दुष्काळात गेलेल्यांनी मुंबईत पाठीवर पोती वाहिली. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. सांगलीत ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे ते वालचंद हिराचंद सिंदिया कंपनीच्या संस्थापकांपैकी. तिची 'लॉयल्टी' ही बोट 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघाली. हिंदी मालकीच्या बोटीनं इंग्रज कंपन्यांना दिलेलं ते आव्हान होतं, म्हणून 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो.

हे सगळं मी या महिन्याच्या बैठकीत सांगितलं. मावशींच्या पोरालाही बोलावलं होतं. त्यानं आमच्या स्टीलच्या ताटल्या सतरंजीवर मांडल्या आणि डावीकडून पोहे वाढून दाखवले. मागच्या वेळी हसलेल्या काकूंनी त्याला तीन-चार प्रश्न विचारले. पगार किती, सुट्टी कधी, आजारी पडला तर कोण बघणार. त्याला सगळ्यांची उत्तरं देता आली नाहीत.

मग खरी गोष्ट बाहेर आली. कर्ज कोर्ससाठी नव्हतंच, एजंटसाठी होतं. नोकरीचं पत्र देतो म्हणून त्यानं मोठी रक्कम मागितली होती, आणि मावशींनी कानातलं गहाण ठेवून वीस हजार आधीच दिले होते. पावती नाही. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. बोटीवर भरती करणाऱ्या संस्थेकडं मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. परवाना असलेल्यांची यादी महासंचालनालयाच्या वेबसाइटवर बघता येते. आणि नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला कायद्यानं मनाई आहे. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, सुरक्षेचं प्रशिक्षण आणि खलाशाचं ओळखपुस्तक, म्हणजे सीडीसी, हा खर्च आपला असतो. पण त्याचीही पावती मिळते.

आम्ही दोन ठराव केले. प्रशिक्षण आणि कागदपत्रांसाठी कर्ज मंजूर, रक्कम थेट संस्थेच्या नावानं चेकनं. एजंटला गटाचा एक रुपया नाही. बैठकीतूनच सचिव ताईंनी एजंटला फोन लावून परवान्याचा नंबर विचारला. "पाठवतो" म्हणाला. त्याला आज अकरा दिवस झाले. सोमवारी आम्ही सहा जणी मावशींबरोबर पोलीस ठाण्यात जाणार आहोत.