खेळाचे यंत्र आणि त्याचे मोल

स्वारगेटच्या एसटी स्थानकात सातारा-कोल्हापूरच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या महाविद्यालयीन मुलांचे बोलणे जरा लक्ष देऊन ऐकले, तर काही शब्द वारंवार कानी पडतात. ‘पिंग वाढला’, ‘फ्रेम पडतात’, ‘या किमतीत हा फोन पैसा वसूल आहे’. वडीलधाऱ्यांना ही वायफळ चर्चा वाटते. पण नीट पाहिले तर मुले दोन रास्त प्रश्न विचारत असतात : हे यंत्र किती काम करते, आणि त्या कामासाठी मोजलेले पैसे योग्य आहेत का? खेळांच्या यंत्रांचा इतिहास या दोन प्रश्नांच्या अंगाने पाहिला, तर तो आपल्याला पुण्यातील महासंगणकापर्यंत आणि खोडदच्या दुर्बिणीपर्यंत घेऊन जातो.

काळा थेंब

१९७५ साली अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्याची किंमत होती २५ डॉलर. त्याच तोडीचे इतर मायक्रोप्रोसेसर त्या वेळी दीडशे डॉलरहून अधिक किमतीला विकले जात. १९८३ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने टीव्हीला जोडायचे ‘फॅमिकॉम’ हे खेळयंत्र काढले. त्याचा मेंदू ६५०२च्याच आराखड्यावर बेतलेला होता. वेग सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके आणि कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट!

१९९०च्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले टीव्ही गेम म्हणजे बहुतांशी या यंत्राच्या नकला. मूळ यंत्रातील अनेक चिप नकलाकारांनी एकाच चिपमध्ये कोंबल्या. असे जुने यंत्र घरी पडले असेल तर ते उघडून वर्गात दाखवावे. मंडलाच्या पाटीवर बहुधा काळ्या राळेचा एक थेंब दिसेल. सारी करामत त्या थेंबाखाली असते. चिपचा आराखडा तयार करण्याचा खर्च एकदाच होतो. मग लाखो प्रती काढल्या की तो प्रत्येक प्रतीवर वाटला जाऊन नगण्य होतो. चिप स्वस्त होण्याचे हेच मुख्य कारण आहे.

या यंत्रांच्या कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नाव किंवा सुरुवातीची पातळी बदलून पुन:पुन्हा येत. खोक्यावरचा आकडा आणि वस्तूचे मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पिढीतील मुले कोणी न शिकवता शिकली.

चित्र रंगवणारी चिप

पुढे खेळांतील चित्रे अधिक खरी दिसू लागली आणि गणिताचा भार वाढला. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. मात्र एका ठिपक्याचे गणित शेजारच्या ठिपक्यासाठी सहसा थांबून राहत नाही. म्हणून येथे एका हुशार गणितज्ञापेक्षा, एकाच वेळी सोपी गणिते करणारी हजार मुले अधिक उपयोगी पडतात. या तत्त्वावर चालणाऱ्या चिप खेळांच्या बाजारासाठी तयार झाल्या. एनव्हिडिया कंपनीचे ‘जीफोर्स २५६’ हे १९९९ मधील कार्ड त्यांपैकी गाजलेले. २००७ मध्ये त्याच कंपनीने ‘कूडा’ ही प्रणाली खुली केली आणि चित्रांखेरीज इतर गणितेही या चिपवर करणे सोपे झाले.

आता पुण्याकडे वळू. अमेरिकेने भारताला हवा तेवढा शक्तिमान महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. अनेक साधे प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून देणे हेच त्याचेही तत्त्व होते. त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे एक अब्ज गणिती क्रिया एवढी होती. आज खेळासाठी घेतलेले साधेसे कार्डही सेकंदाला एक लाख कोटीहून अधिक क्रिया करते. दोन्हींतील अचूकतेची प्रत वेगळी असल्याने ही तुलना ढोबळ आहे, पण फरकाचा आवाका त्यातून कळतो. सी-डॅकचाच २०२० मधील ‘परम सिद्धी-एआय’ जागतिक यादीत ६३वा आला. त्यातील चिप खेळांच्या कार्डांच्याच घराण्यातील आहेत.

नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीत ३० अँटेना आहेत. त्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांचा गुणाकार अखंड करावा लागतो. पुन्हा तेच : साधे गणित, पण अगणित वेळा! दुर्बिणीच्या आधुनिकीकरणात हे काम याच घराण्यातील चिपकडे सोपवले गेले. एका वेळी तपासता येणारा कंप्रतेचा पट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढला. अतिमंद गुरुत्वलहरींचा पुरावा मिळत असल्याची जी घोषणा जून २०२३ मध्ये झाली, तिच्यात या दुर्बिणीच्या निरीक्षणांचाही वाटा होता. जगभरच्या मुलांनी खेळासाठी कार्डे विकत घेतली नसती, तर अशा चिप संशोधकांना परवडण्याजोग्या किमतीत मिळाल्या असत्या का, याची शंकाच आहे.

फुकटाचा खेळ

ऑनलाइन खेळांनी किमतीचा हिशेबच बदलला. खेळ फुकट मिळतो. पैसे जातात ते आतल्या पोशाखांवर व शस्त्रांवर, आणि वेळ जातो तो वेगळाच. शिवाय खेळ दूरच्या संगणकावर चालतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर चार हजार किलोमीटरवर, म्हणजे साधारण सिंगापूरला असेल, तर संदेश जाऊन यायला किमान ४० सहस्रांश सेकंद लागणारच. मुंबईत असेल तर दोनहून कमी. फोन कितीही महाग घ्या, हा विलंब कमी होत नाही. हाच तो मुलांचा ‘पिंग’!

दूरच्या संगणकावरील खेळ आपल्या मालकीचाही नसतो. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याची भारतातील सेवा थांबली. २०२१ मध्ये भारतीय आवृत्ती येऊन जुनी खाती तिकडे नेण्याची सोय झाली. पण जुलै २०२२ मध्ये तीही ॲपच्या दुकानांतून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. तीस वर्षांपूर्वीची कॅसेट मात्र यंत्र शाबूत असेल तर फुंकर मारून आजही चालते. आणखी पुढची पायरी म्हणजे पैसे लावून खेळायचे खेळ. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तो अशा खेळांत अनेक कुटुंबांचे पैसे बुडाल्यावर.

तेव्हा ‘मोबाइल ठेव आणि अभ्यास कर’ एवढे म्हणून थांबण्यापेक्षा मुलांकडून एक हिशेब करून घ्यावा. समजा, ३० हजारांचा फोन तीन वर्षे रोज एक तास खेळायला वापरला. तास झाले १०९५, म्हणजे तासाला सुमारे २७ रुपये. हा आकडा पाहून ‘स्वस्तच आहे की’ असे मुले म्हणतील, आणि ते चूक नाही. मग विचारावे : १०९५ तास म्हणजे आठवड्याला ४८ तास काम करणाऱ्या माणसाचे किती आठवडे? उत्तर जवळजवळ तेवीस येते. हा आकडा पहिल्या हिशेबात कोठे मांडायचा, हे मात्र मुलांनाच ठरवू द्यावे.