लावणाऱ्यांचा आषाढ, राखणाऱ्यांचा चैत्र

झाड लावणाऱ्याचे नाव पाटीवर राहते. त्याला पाणी घालणाऱ्याचे नाव सहसा कोठेच राहत नाही. सार्वजनिक बागांचा इतिहास लिहावयास बसले की ही अडचण प्रथम उभी राहते. कोनशिला, उद्घाटने, पाहुण्यांची छायाचित्रे ही साधने विपुल आहेत. परंतु चैत्रात, ऊन चढण्यापूर्वी, बादल्या वाहणाऱ्या हातांची नोंद दप्तरात क्वचितच सापडते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन शहरांकडे पाहिले म्हणजे या नोंद न झालेल्या कामाचे मोल ध्यानी येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणनजीकच्या माळावर लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये अन्नाची टंचाई होती. तेथील सरकारने नागरिकांना कुदळी हाती घेण्याचे आवाहन केले आणि लंडनच्या उद्यानांत, इतकेच काय, तेथील प्राचीन किल्ल्याच्या खंदकातही भाजीपाला पिकू लागला. सामान्य कुटुंबांनी कसावयास घेतलेल्या वाफ्यांची संख्या १४ लाखांच्या घरात गेली. आपल्याकडेही सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम चालवली. युद्ध संपले, निकड सरली, आणि तिकडच्या अनेक वाफ्यांत पुन्हा गवत माजले. संकट माणसाला लावावयास शिकवते. राखावयास शिकवतेच असे नाही.

इकडे छावणी ओस पडली ती थोडाच काळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे ९४,००० निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून उल्हासनगर हे नाव रूढ झाले. पुढे वस्ती दाटत गेली, तशा मोकळ्या जागा आक्रसत गेल्या. अनधिकृत बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. अखेर राज्य शासनाला २००६ मध्ये ती दंड आकारून नियमित करण्यासाठी खास कायदा करावा लागला. ज्या सार्वजनिक जागेला राखणारे नसतात, ती सार्वजनिक फार दिवस राहत नाही, हा या इतिहासाचा धडा होय.

वृक्षारोपणाची आपली परंपराही जुलैचीच. १९५० मध्ये केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला. त्यांपैकी २०१७ च्या जुलैत, अंबरनाथ तालुक्यातील मांगरूळ येथील वनविभागाच्या टेकडीवर, खासदार डॉ. श्रीकांत शिंदे यांच्या पुढाकाराने हजारो स्वयंसेवक जमले. विद्यार्थी आले, गृहिणी आल्या, पावसाने निसरड्या झालेल्या वाटेने माणसे रांगेने चढली आणि एक लाख रोपे जमिनीत गेली. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्या टेकडीवर आगी लागल्या. हजारो रोपे होरपळली. आग मुद्दाम लावली गेली असावी, असा संशयही त्या वेळी व्यक्त झाला. आग कोणीही लावलेली असो. ती भडकली ती पावसाळ्यात वाढून पुढे वाळलेल्या गवतावर.

रोप कसे जगते, हे यासाठीच नीट समजून घ्यावयास हवे. आपल्या टेकड्यांवर मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम व काळा कातळ. पावसाळ्यात मुळे वरच्या थरात सहज पसरतात. फाल्गुनात तोच थर तव्यासारखा तापतो. म्हणून गवत वाळू लागताच ते कापून जाळरेषा काढावी लागते. रोपाभोवती अळे करावे, त्यात पाचोळ्याचे आच्छादन घालावे, पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर घालावे. बुडाला बारीक छिद्र पाडलेले मडके मुळांशी पुरले, तर थोडे पाणी पुष्कळ काळ पुरते. साधारणपणे असे तीन उन्हाळे काढले की रोप आपल्या पायांवर उभे राहते. ही सारी कामे सोपी आहेत. परंतु ती एका दिवसाची नाहीत, आणि त्यांना पाहुणे येत नाहीत.

पाण्याची गोष्ट तर विचित्रच. २०१९ च्या जुलैअखेरीस उल्हास नदीला असा पूर आला की बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्याच परिसरात एप्रिल उजाडला की वस्त्यांतून टँकरची वाट पाहिली जाते. ज्या वालधुनीकाठी शके ९८२ मध्ये अंबरनाथचे शिवालय पूर्ण झाले, तिचे पाणी सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या रसायनांनी इतके नासले आहे की ते रोपांना घालण्याचे धाडस होऊ नये. अशा वेळी प्यावयाचे पाणी झाडांना घालणे उधळपट्टीचे वाटेल. पण तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी प्रत्येक घरात निघते. बदलापूरची जांभळे प्रसिद्ध आहेत. वैशाख सरताना त्यांची टोपली दारी येते, तेव्हा हेही आठवावे की त्या प्रत्येक जुन्या झाडाला त्याच्या बालपणी कोणीतरी उन्हाळ्यातून तगवले होते.

संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्तसभेला लिहिताना लावणारा व पाणी घालणारा या दोघांना एकाच पंक्तीत बसवले आणि वाढीचे श्रेय परमेश्वराला दिले. तेथील लोक पुढाऱ्यांच्या नावावरून भांडत होते, म्हणून त्याला हा दाखला द्यावा लागला. आपल्या वसाहतींच्या आणि धर्मग्रामांच्या आवारांतील बागांनाही तो तंतोतंत लागू पडतो. यांतील अनेक कुटुंबे वसईच्या वाड्यांतून आलेली आहेत. विहिरीवरचा रहाट आणि पाण्याच्या पाळ्या त्यांच्या वाडवडिलांना पाठ होत्या. तीच पाळीची पद्धत येथे आणता येईल. उपवासकाळापासून पहिल्या पावसापर्यंत प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातील एक सकाळ आपली मानावी, आणि हा क्रम सलग तीन वर्षे मोडू देऊ नये.

आणखी एक करावे. बागेसाठी एक साधी वही ठेवावी आणि तीत रोज पाणी कोणी घातले, तेवढेच लिहावे. रोप लावणाऱ्याची पाटी आधीपासून असतेच. पन्नास वर्षांनी या शहरांचा इतिहास लिहिणाऱ्याला ती वही पाटीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.