गल्ल्यातली चांदी

माणूस वाजवून घ्यावा, असे आपण सहज बोलून जातो. हे वाजवणे मुळात रुपयाचे. सराफ रुपया दगडी फरशीवर टाकी आणि कान देई. चांदीचा रुपया खणखणतो, त्याचा नाद थोडा वेळ रेंगाळतो. शिसे मिसळलेला असेल तर बद्द वाजतो. बट्टा हा शब्दही त्याच दुकानातला. आपल्या नगरकडे (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण जिभेला नगरच सोपे पडते) पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये चालत. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून बदलून घेताना सराफ बट्टा कापून घेई.

१८३५च्या कायद्याने कंपनी सरकारने हा गोंधळ आवरला. एक तोळा वजन, म्हणजे १८० ग्रेन, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. यंत्रावर पडलेला म्हणून तो कलदार. पुढे राणी छाप आला, मग एडवर्ड, मग पंचम जॉर्ज. छाप बदलले, कस बदलला नाही. शंभरावर वर्षे रुपयाची किंमत त्याच्या पोटातच होती, असे लोकांनी धरले ते उगाच नाही. (पंचम जॉर्जच्या १९११ च्या पहिल्या रुपयावर त्याच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली. ९४ लाखांच्या आसपास नाणी पाडली होती, त्यांतली सातेक लाखच लोकांच्या हाती गेली आणि बाकीची वितळवली. पुढच्या वर्षी हत्तीची सोंड आणि कान ठळक केले.)

मग १९४० साल आले. जूनमध्ये फ्रान्स पडला आणि आपल्याकडे लोक नोटा देऊन रुपये मागू लागले. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणे गुन्हा ठरवले, जुलैत एक रुपयाची नोट काढली. त्याच वर्षी पावली, अधेली आणि शेवटी रुपया यांतली चांदी निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त. बनावट ओळखता यावी म्हणून रुपयाच्या कडेवरच्या दात्यांमधून एक बारीक खाच फिरवली. १९४१ ते १९४३ या काळात राणीचे, एडवर्डचे आणि जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द झाले. ते सरकारजमा करा, असा हुकूम होता. किती जणांनी केले असतील, याची कल्पना तुम्हीच करा. हलके नाणे खर्चायचे आणि भारी नाणे मडक्यात ठेवायचे, हे कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. त्या दिवसांत किल्ल्याबाहेरच्या बाजारात चिल्लर मिळत नव्हती. तांबे वाचवायला १९४३ मध्ये सरकारने भोकाचा पैसा काढला. नाण्यांना चांदीही कमी पडली, तेव्हा अमेरिकेकडून सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी आली. ही उसनवारी फेडली स्वतंत्र भारताने. निम्म्या चांदीची नाणी परत गोळा केली, कलकत्त्याला शुद्धीकरणाचा कारखाना उभारला आणि १९५७ पर्यंत चांदी परत केली. त्या रुपयाने माल घेणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या हातात अमेरिकेची चांदी आहे, हे कुठून ठाऊक असणार!

गोळा करताना काही नाणी निसटली, ती माझ्या लहानपणी सापडत. शेवगावच्या बाजारपेठेत आमचे किराणा दुकान होते. रात्री गल्ला मोजायचे काम माझ्याकडे. पंचवीस पैशांची नाणी वेगळी काढून, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून त्यांच्या पुड्या करायच्या. जुनी पावली आणि नवे पंचवीस पैसे यांचा घेर सारखाच, त्यामुळे दोन्ही एकाच पुडीत बसत. नुसत्या राजाच्या तोंडावरून मात्र निवाडा होत नसे. १९४६-४७ ची पावलीही राजाचीच, पण मागे वाघ असला की ती निकेलची. १९४५ किंवा त्याआधीचे साल दिसले की चांदी. वडील सायकलच्या डायनामोतला लोहचुंबक वापरत. निकेल त्याला चिकटते, चांदीची पावली ढिम्म हलत नाही. वर्षाकाठी चार-पाच सापडत. १९७२ पासून पंचवीस पैसे तांबे-निकेलच्या मिश्रणाचे झाले, तेही लोहचुंबकाला चिकटेनात, आणि ती युक्ती संपली.

१९६९ मध्ये गांधीजन्मशताब्दीचा दहा रुपयांचा शिक्का आला. वजन पंधरा ग्रॅम, चांदी शंभरात ऐंशी भाग. त्यातली चांदी काही दहा रुपयांची नव्हती. तरी आमच्या गल्ल्यात आलेला एकही बँकेत गेला नाही, सगळे आईने देव्हाऱ्यात ठेवले. लक्ष्मीपूजनाला राणी छापाशेजारी गांधीजी बसू लागले.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र मडक्यांतली चांदी बाहेर आली. खडी फोडायला जाणाऱ्या बायांनी आधी पितळेची भांडी काढली, मग तोडे, मग चवल्या-पावल्यांच्या माळा. वडिलांबरोबर उधारीच्या कामासाठी मी सराफाकडे बसलो होतो, तेव्हा पाथर्डीकडची एक बाई अशी माळ घेऊन आली. प्रत्येक नाण्याला कडी डाखलेली. मी साले वाचू लागलो : १८६२, १८८९, १९०७, १९१७. तिच्या घरातल्या तीन-चार पिढ्यांनी एकेक करून ओवलेली ती नाणी असणार. सराफाला सालाशी देणेघेणे नव्हते. जुना कस आणि अर्धा कस एवढे दोन ढीग त्याने केले, कड्यांच्या डाखाचे वजन वजा धरले आणि भाव सांगितला. मूस मागच्या खोलीत तापतच होती. नाणी ताजव्यात पडण्याआधी बाईने हात पुढे करून त्यातली एक पावली उचलली, पदराच्या गाठीत बांधली आणि म्हणाली, "आता करा वजन."