ट्रस्ट : एका शब्दाची कैफियत

काही महिन्यांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ आमच्या कचेरीत आले. इंदुरातील जुन्या दक्षिणी वस्तीत त्यांच्या पणजोबांनी बांधलेले एक लहानसे देवालय आहे. पूजा घरातलीच माणसे आळीपाळीने करीत आली आहेत. आता मुले परगावी गेली, आणि देवालयाच्या मागची जागा अनेकांच्या डोळ्यांत भरू लागली. गृहस्थ म्हणाले, “वकीलसाहेब, आमच्या देवाचा ट्रस्ट करून द्या.” आम्ही विचारले, “म्हणजे नेमके काय करून देऊ?” ते क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, “सगळे करतात तसाच.”

हा गोंधळ त्या एकट्या गृहस्थांचा नव्हे. हा इंग्रजी शब्द आपण इतक्या वेळा उच्चारतो की त्याचा अर्थ विचारणे म्हणजे अडाणीपणा वाटावा. आणि तरीही ज्याने त्याने तो आपापल्या सोयीचा घेतलेला असतो.

मूळ शब्द साधा आहे. उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून तो इंग्रजीत आला, आणि त्याचा अर्थ भरवसा. जर्मन भाषेतील त्याच्या भाऊबंदाचा अर्थ सांत्वन असा होतो. भरवशापासून मालमत्तेपर्यंतचा त्याचा प्रवास मात्र कायदेपंडितांनी घडविला. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथाच्या भिक्षूंनी अपरिग्रहाचे व्रत घेतले होते. त्यांना काही बाळगता येत नसे. पण राहावयास जागा तर हवी! तेव्हा भाविक लोक जमीन तिऱ्हाइताच्या नावे करीत आणि त्याने ती भिक्षूंच्या उपयोगासाठी सांभाळावी असे ठरे. सरदारांनीही हीच युक्ती राजाचे वारसाहक्काचे देणे चुकविण्यासाठी वापरली. म्हणजे वैराग्य आणि करचुकवेगिरी ही दोन्ही या संस्थेच्या पाळण्याशी उभी होती. आजचे काही दस्त वाचताना आम्हांस याची आठवण होते. आठव्या हेन्रीच्या राजवटीत कायदा करून ही वाट बुजविण्याचा यत्न झाला, परंतु चान्सरी न्यायालयाने तिला पुन्हा जीवदान दिले. ज्याच्या नावे मालमत्ता, त्याची सदसद्विवेकबुद्धी ती दुसऱ्यासाठी राखण्यास बांधलेली आहे, असे ते न्यायालय म्हणे. या व्यवस्थेची खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी: कायद्याच्या दृष्टीने मालक विश्वस्तच असतो, लाभ तेवढा दुसऱ्याचा.

पुढे या शब्दाने नाना रूपे घेतली. १८८२ साली अमेरिकेत स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या धन्यांनी अनेक कंपन्यांचे भाग मोजक्या विश्वस्तांच्या हाती सोपवून तेलाच्या व्यापाराची नाडी आवळली, आणि तिकडे ‘ट्रस्ट’ ही शिवीच झाली. १८९० साली तेथे मक्तेदारीविरुद्ध जो कायदा झाला, तो ट्रस्टविरोधी कायदा म्हणूनच ओळखला जातो. इकडे मुंबईत प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट निघाला. त्यात दाता नव्हता, भरवसाही फारसा नव्हता, होत्या त्या पाडावयाच्या चाळी आणि आखावयाचे रस्ते. १९६४ साली निघालेल्या युनिट ट्रस्टमध्ये मराठी मध्यमवर्गाने पोटाला चिमटा घेऊन पैसे ठेवले. २००१ साली त्याच्या चौसष्ट क्रमांकाच्या योजनेचे व्यवहार थांबले, तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ पुष्कळांस नव्याने उमगला. असो.

योगायोग असा की ज्या १८८२ साली अमेरिकेत तेलाचा ट्रस्ट झाला, त्याच साली हिंदुस्थानात ट्रस्टचा कायदा झाला. मालकीला जडलेले, विश्वासातून उपजलेले बंधन, अशी त्याची व्याख्या आहे. पण त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की सार्वजनिक वा खाजगी धर्मादायांना हा कायदा लागू नाही. म्हणजे आपण ज्याला सर्वांत आधी ट्रस्ट म्हणतो ते देवालय, ट्रस्टच्या मूळ कायद्याच्या बाहेर आहे! देवालयांसाठी पुढे प्रांतोप्रांती निराळे कायदे झाले. मुंबई राज्यात १९५० चा, मध्यप्रदेशात १९५१ चा.

आपल्या भाषेत या शब्दासाठी ‘न्यास’ योजिला गेला. पूजेस बसणाऱ्यास तो नवा नाही. अंगन्यास आणि करन्यास करताना आपण मंत्र आपल्या अवयवांवर ठेवतो. न्यास म्हणजे ठेवणे. मनुस्मृतीत व्यवहाराच्या अठरा पदांत ‘निक्षेप’ हे दुसरे पद आहे, आणि तेही ठेवीचेच. परंतु ठेव ज्याच्याकडे ठेवली तो तिचा मालक होत नाही. इंग्रजी शब्द आणि आपला शब्द यांची फारकत होते ती येथे.

आमच्या या शहराला ती फारकत निराळी शिकवावी लागू नये. १७३४ साली पेशव्यांकडून मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगीची जहागीर मिळाली. दौलत निराळी, खासगी निराळी. दौलतीतून फौज आणि कारभार, खासगीतून राणीवशाचा खर्च आणि दानधर्म. अहिल्याबाईंच्या हाती ही खासगी आली, तेव्हा त्यांनी तिच्यावर तुळशीपत्र ठेवून ती धर्मकार्यास वाहिली अशी परंपरा आहे. काशीचे विश्वेश्वराचे देवालय, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, ठिकठिकाणचे घाट आणि धर्मशाळा यांमागे ही खासगी उभी होती. राज्याच्या आज्ञापत्रांवर त्यांचे स्वतःचे नाव नसून ‘श्रीशंकर’ असे. मालक शंकर, बाई कारभारी. तुळशीपत्र ठेवणाऱ्याने मालकी दुसऱ्या माणसास दिली नाही. माणसांच्या हिशेबातूनच ती काढून टाकली.

इंग्रजी न्यायालयांनाही हा भेद अखेर मान्य करावा लागला. १९२१ साली मद्रासेकडील एका मठाच्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने, अमीर अली यांच्या निवाड्याने, सांगितले की इंग्रजी अर्थाचा ट्रस्ट हिंदू धर्मशास्त्रास ठाऊक नाही; मठाधिपती वा देवाचा सेवेकरी हा मालक नसून व्यवस्थापक आहे. मालक देव. आता देवास सही करता येत नाही, म्हणून कायदा त्याचे हित लहान मुलाप्रमाणे जपतो, आणि सर्वज्ञ परमेश्वर आमच्या कचेरीच्या भाषेत ‘अज्ञान’ ठरतो. कुळाचार पाळणाऱ्या आमच्या पक्षकारांना हे ऐकून हसू येते, पण देवाच्या जमिनी वाचल्या त्या बऱ्याच अंशी या ‘अज्ञाना’मुळेच.

अहिल्याबाईंच्या खासगीचे पुढे काय झाले? १९४८ साली होळकर राज्य मध्यभारतात विलीन झाले. तेव्हाच्या कराराने खासगीच्या मिळकती राज्याकडे गेल्या आणि त्यांच्या धर्मकृत्यांसाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूस काढावयाचे ठरले. यशवंतराव महाराज १९६१ च्या डिसेंबरात निवर्तले, आणि २७ जून १९६२ रोजी त्यांच्या कन्येने दस्त करून खासगी ट्रस्ट स्थापिला. या ट्रस्टकडे देवालये, धर्मशाळा, घाट, छत्र्या मिळून २४६ मिळकती. ‘खासगी’ आणि ‘ट्रस्ट’, हे दोन्ही शब्द आता एकाच पाटीवर आले. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहारावरून तक्रारी निघाल्या, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो या पाटीचाच: ही मिळकत कोणाची? ५ ऑक्टोबर २०२० रोजी इंदूर खंडपीठाने सांगितले, राज्याची. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरविले: मिळकती ट्रस्टच्या, मात्र हा ट्रस्ट सार्वजनिक आहे, त्याने १९५१ च्या कायद्याखाली एका महिन्यात नोंदणीसाठी अर्ज करावा, आणि झालेले विक्रीव्यवहार निबंधकाने तपासावेत. त्या कायद्याच्या चौदाव्या कलमान्वये पूर्वपरवानगीवाचून अशी विक्री होत नाही. दोन न्यायालये, दोन उत्तरे. तुळशीपत्राचा उच्चार दोन्हींच्या आज्ञेत आला नाही, आणि आमच्या मते मूळ मालकीपत्र तेच होते.

गोव्याकडील वाचकांस यात नवल वाटणार नाही. तेथील देवस्थाने १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीखाली महाजनांकडून चालत आली. महाजनपण वंशाने येते. त्याबरोबर मानपान येतो, सेवा येते, आणि भांडणेही येतात. पण देवाची जमीन आपल्या मालकीची आहे असे म्हणणाऱ्या महाजनास गावात उभे राहणे कठीण पडेल.

हे सारे आम्ही त्या वृद्ध गृहस्थांस इतक्या विस्ताराने सांगितले नाही. मसुदा केला. विश्वस्तांची नावे लिहिली, त्यांत एका सुनेचे नाव आग्रहाने घालविले. विक्री आणि गहाण यांचे कलम कडक केले. ‘मिळकतीचा मालक’ या रकान्यात विश्वस्तांची नावे लिहून आणली होती, ती खोडून देवाचे नाव लिहिले. गृहस्थांनी ते दोनदा वाचले, डोळे पुसले आणि विचारले, “मग वर ‘ट्रस्ट’ हा शब्द कशाला ठेवता?”

आम्ही म्हटले, “तो नसला तर बँक खाते उघडत नाही.”