चारशे एकोणीस अधिक एक

घाम गाळून मिळालेल्या शंभर रुपयांपेक्षा फुकट मिळू शकणारे दहा रुपये माणसाला अधिक गोड लागतात. तसे नसते, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे व्याजाची गणिते शिकवून निवृत्त झालेले आमचे दाजी, मंठ्यातल्या एका इंटरनेटच्या दुकानात 'काँग्रॅच्युलेशन्स' या शब्दाकडे भक्तिभावाने पाहत बसलेच नसते.

गोष्ट २००७ सालची. दाजींच्या ई-मेलवर पत्र आले की, तुमच्या पत्त्याला विलायतेच्या लॉटरीचे पाच लाख पौंड लागले आहेत. तिकीट काढल्याशिवाय लॉटरी लागत नाही, हे दाजींना १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी निघाली तेव्हापासून ठाऊक होते. पण तिकिटे काढूनही त्यांना ती कधी लागली नव्हती. "काढून लागत नाही, तर न काढता लागत असंल. नशिबाचं काय सांगावं?" असा त्यांचा नंतरचा खुलासा.

आधी कागदपत्रांचे साडेअठरा हजार मागितले. मग कस्टमचे. मग रिझर्व्ह बँकेच्या नावाने, सहीशिक्क्यानिशी कागद आला की, ही रक्कम अतिरेक्यांची नाही असा दाखला लागेल, त्याचे बत्तीस हजार. खाते मात्र विलायतेतले नव्हे, आपल्याच देशातल्या कुणा भलत्याच माणसाचे. शिवाय 'ही बातमी कुणालाही सांगू नका' अशी ताकीद. दाजींनी ती इतकी पाळली की अक्कालाही सांगितले नाही. तिच्या पाटल्या मात्र गहाण पडल्या.

ही विद्या काल-परवाची नाही. पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख विदोक हा स्वतः आधी तुरुंगाचे पाणी प्यालेला. १८२८ साली निघालेल्या आठवणींत तो लिहितो की, तुरुंगातले कैदी श्रीमंतांना पुरलेल्या धनाची पत्रे धाडीत आणि शंभरातल्या वीस पत्रांना हमखास उत्तर येई. पुढे 'स्पेनचा कैदी' निघाला. तुरुंगात पडलेला धनिक, त्याचे लपवलेले घबाड, सोडवणाऱ्याला वाटा. फक्त आधी थोडा खर्च करावा! १८९८ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यावर लिहिले, तेव्हाही ती 'जुनीच लबाडी' होती. कैद्याच्या जागी लॉटरी आली, टपालाच्या जागी ई-मेल. 'आधी थोडा खर्च' तेवढा कायम राहिला.

आपणही मागे नव्हतो. शब्दकोड्यांच्या बक्षिसांनी एके काळी मुंबई इलाख्याला असे वेड लावले की १९५५ साली कायदा करून महिन्याच्या बक्षिसाला हजार रुपयांची मर्यादा घालावी लागली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जुगार हा व्यापार नव्हे.

नायजेरियाच्या कायद्यात फसवणुकीचे कलम ४१९, म्हणून जगभर या धंद्याला 'फोर-वन-नाइन' म्हणतात. आपले ४२०. म्हणजे एका आकड्याने आपणच पुढे! १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ३१८ झाले खरे, पण कुणाला 'तीनशे अठरा' म्हटले तर तो रागवायचाही नाही.

गावाला कळले तेव्हा टपरीवर दाजींचे नाव 'लॉर्डसाहेब' पडले. मीही हसलो. दाजी बाजार सोडून मागच्या गल्लीने जाऊ लागले. "पोलिसांत जाऊ," म्हटले तर म्हणाले, "फौजदार विचारील, गणिताचे मास्तर ना तुम्ही?" पैसे चोरांनी नेले, तक्रार मात्र आम्ही हसणाऱ्यांनी बुडवली. आज १९३० हा नंबर आहे. लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवताही येतात. पण लाजेला कुठे नंबर असतो?

शेवटी एका संध्याकाळी मी दाजींना माझे गुपित सांगितले. १९७९ साली, मंठा परभणी जिल्ह्यात होता तेव्हा, वर्तमानपत्रात चौकोन आला होता. आकडे असे भरा की सगळीकडून बेरीज पंधरा येईल आणि ट्रान्झिस्टर जिंका! मी भरले. जिंकलो. 'नाममात्र खर्चा'ची व्ही.पी. सोडवली. आत गवत होते, आणि गवतात अर्धी वीट. बायकोला मी सांगितले की, पार्सल हरवले. अठ्ठावीस वर्षे ती टपालखात्याला नावे ठेवीत होती.

दाजी कितीतरी महिन्यांनी हसले. "बेरीज तर बरोबर होती ना?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारातून, मधल्या रस्त्याने गेलो. पाटल्या सोडवायला पुढे दोन वर्षे लागली. अक्का एका शब्दाने बोलली नाही, आणि दाजींना तेच जास्त लागले.

परवा त्यांच्या मोबाइलवर 'कौन बनेगा करोडपती'च्या नावाने पंचवीस लाखांचा संदेश आला. मी वाचून दाखवला. दाजी खो खो हसले, "लबाड लेकाचे!" म्हणाले. मी तो पुसणार, तोच त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारले,

"खोटंच असंल... ना रे?"