सोमवारचा दम

कामामुळे जडलेल्या आजाराचा पुरावा हा वरवर डॉक्टरी प्रश्न वाटतो. त्याचा इतिहास पाहिला तर खरा वाद शंकेचा भार कोणी वाहायचा याचा आहे. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मोजक्या आजारांपुरता हा भार मालकावर टाकला. शिशाच्या कामावर एकाच मालकाकडे सलग सहा महिने काढलेल्याला शिशाची विषबाधा झाली, तर ती कामातूनच झाली असे धरले जाई. तसे नाही, हे मालकाने दाखवायचे. यादीबाहेरच्या आजाराचा कामगार मात्र उघडा पडे. आपले दुखणे कामावरच्या एखाद्या ठरावीक अपघातातूनच उद्भवले, हे त्यालाच सिद्ध करावे लागे.

मुंबईच्या गिरणगावातल्या कापसाच्या धुळीला असा अपघाताचा दिवस नव्हता. ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यात वर्षानुवर्षे रुईचे बारीक कण छातीत जात आणि बिसिनोसिस जडे. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर छाती आवळणे, ही त्याची पहिली खूण. १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरणी कामगारांची हीच तक्रार आधाराला घेऊन आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. क्ष-किरण चित्रात या आजाराची खास अशी खूण उमटत नाही, त्यामुळे नुसत्या फिल्मवर विसंबणारा तपासनीस दमेकऱ्यालाही धडधाकट ठरवू शकतो.

यावर आक्षेप असा, की चाळीतली दाटी, क्षय आणि विडी यांनीही दम लागतो. मग दोष गिरणीलाच का? आक्षेप पोकळ नाही. पण पाळीच्या आधी आणि नंतर फुंकर-चाचणी घेतली, तर त्या दिवसाच्या धुळीने श्वास किती घटला ते मोजता येते. विडी काही सोमवार पाहून छाती आवळत नाही. शिवाय हजेरीपट आणि धुळीची मोजमापे मालकाच्याच कपाटात असतात; ज्याच्या हाती कागद, त्यानेच शंका फेडावी, हे न्यायाला धरून आहे.

किती कमाई बुडाली, हेही निव्वळ शरीरावरून ठरत नाही. डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराची कमाईची शक्ती पूर्ण गेली, हा नुकसानभरपाई आयुक्तांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने प्रतापनारायण सिंह देव खटल्यात कायम ठेवला, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. पुढे बिसिनोसिसही कायद्याच्या यादीत आला. पण १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि पाळीच नसेल तर पाळीपूर्वीची नि नंतरची चाचणी घ्यायची कुठे? म्हणून असा पुरावा काम चालू असतानाच, मालकाच्या खर्चाने गोळा व्हायला हवा. आणि तो झाला नसेल, तर त्या उणिवेचा फायदा मालकाला मिळता कामा नये.