काळ्या पाच पट्ट्या

आमच्या गावच्या देवळात गुरुवारी भजन असायचं. एकदा वेळ होता म्हणून मी पेटीच्या नुसत्या काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवत बसलो होतो. बुवा म्हणाले, "काळी तीनला सा धर, भूप मिळेल. आता काळी पाचला धर." धरला, तर मालकंसाचे सूर! काळी दोनवरून धानी, काळी एकवरून दुर्गा, काळी चारवरून मध्यमाद सारंग. पट्ट्या त्याच पाच, फक्त 'सा'चं घर बदललेलं. अर्थात राग उभा राहायला चलन लागतं, नुसते सूर पुरत नाहीत.

याला मूर्च्छना म्हणतात हे पुष्कळ नंतर कळलं. भरताच्या नाट्यशास्त्रात ती आहे. पुढे षड्ज एका जागी स्थिर झाला आणि मूर्च्छना बरीचशी ग्रंथांत राहिली.

पलीकडच्या वाड्यावर इगर्जेचे मेस्त मुलांना व्हायोलिन शिकवत. आमच्याकडे म्हणत, "मायनर म्हणजे त्यांचं रडगाणं." संथ मांडो ऐकला की मलाही ते पटायचं. एकदा धीर करून मेस्तांनाच विचारलं. त्यांनी सी मेजरचे सात सूर वाजवले, मग तेच सात 'ए'पासून. म्हणाले, "हा त्याचाच मायनर." मी चाट पडलो. ही तर बुवांची युक्ती! आणि ते सात सूर म्हणजे आपला आसावरी थाट. त्यातले रिषभ-धैवत गाळा, धानीचे पाच सूर उरतात. पाश्चात्त्य लोक त्यालाच मायनर पेंटाटॉनिक म्हणतात. मग रडगाणं कुणाचं?

पोर्तुगिजांच्या काळी, १६व्या शतकापासून, इगर्जेच्या शाळांतून मुलांना संगीत शिकवलं जाई. त्या परंपरेतले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात गेले. प्यारेलाल यांचे गुरू, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. १९५८ साली त्यांनी मुंबईत भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. सारंग रागावर त्यांनी कॉन्चेर्टो रचला. त्या वाद्यवृंदाबरोबर लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ आपल्या मंगेशीचे. म्हणजे माजोर्डा आणि मंगेशी भेटले, पण मुंबईत.

आमच्या गावात देऊळ आणि मेस्तांचं घर यांत शंभर पावलांचं अंतर. बुवा आणि मेस्त एकत्र बसलेले मी कधी पाहिले नाहीत. आता दोघेही नाहीत. देवळातली पेटी मात्र अजून आहे. गावी गेलो की मी आधी काळी दोनला सा धरतो.